मेहेत्रे बाईंची सब्बल

अमडापूरच्या आठवडी बाजारात तेलवाल्याने मेहेत्रे बाईंची वेणी धरून त्यांना मागे खेचलं, तेव्हा मी हातात पंचनाम्याचे कागद घेऊन सात-आठ पावलांवर उभा होतो. त्यांच्याबरोबरचा माझा तो पहिला दौरा. बाई शेतीखात्यात गुणनियंत्रण निरीक्षक होत्या. जिल्ह्यात विकली जाणारी खतं, बियाणं, कीटकनाशकं तपासायची, नमुने घ्यायचे, खोटा माल पकडायचा, हे त्यांचं काम. मी त्याच कार्यालयातला लिपिक. माझं अक्षर बरं म्हणून पंचनामे लिहायला मला त्यांच्याबरोबर दिलं होतं.

तेलवाला सुटं शेंगदाणा तेल विकत होता. तेल भरलं होतं पांढऱ्या, जाड प्लास्टिकच्या वीस लिटरच्या डब्यांत, आणि ते डबे कीटकनाशकाचे होते. वरचा कागद खरवडून काढला होता, पण बाईंना कागदाची गरज लागत नसे. त्यांनी एका डब्यावर नख ओढलं, बूच उघडून नाक लावलं आणि जीपच्या दिशेने हाक मारली, "गजानन, सब्बल आण."

सब्बल म्हणजे पहार. गजानन हा आमचा ड्रायव्हर. त्याने सीटखालून ती ओढून आणून दिली. बाईंनी दोन्ही हातांनी उचलून पहिल्या डब्याच्या पोटात घातली. तेल भळाभळा बाहेर आलं. दुसरा डबा, तिसरा. चौथ्या वेळी तेलवाल्याने मागून वेणी धरली. बाईंनी वळूनही पाहिलं नाही, उजवा कोपर मागे फेकला. काडकन आवाज झाला आणि तेलवाला नाक धरून तेलातच बसला. बोटांच्या फटीतून रक्त मनगटावर उतरत होतं.

"मारून टाकलं रे या बाईनं! पोलिसाले बोलवा कोनी!"

"बोलव ना," बाई म्हणाल्या. "अन् त्यायले हेही सांग, का इषाच्या डब्यातलं तेल लोकायच्या पोटात घालून राह्यलो होतो."

मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "लिहा जोशी."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. डबे किती, कुठल्या औषधाचे, माल कोणाचा. शेवटी मी सहीसाठी कागद पुढे केला तर त्यांनी तो वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "मी त्याले कोपर मारला, त्याचं नाक फुटलं, हे कुठी हाय?"

मी म्हणालो, "मॅडम, ते कशाला?"

"झालं ना थे? मग लिहा."

मी लिहिलं. त्या ओळीवरून त्यांना महिनाभर खुलासे द्यावे लागले. पुढच्या पंचनाम्यातही तसंच.

शोभा मेहेत्रे हे त्यांचं पूर्ण नाव. डोणगावच्या माळ्याची मुलगी. बापाची वांगी, टोमॅटो, मेथी यांची वाडी. पहाटे उठून भाजीची ओझी उचललेली, त्यामुळे मनगटं पुरुषासारखी. शेतीचं उच्च शिक्षण पहिल्या वर्गात झालेलं, पण बोलणं डोणगावचंच ठेवलेलं. लग्न केलं नाही. जेवताना कोणाशी बोलायच्या नाहीत. भाकरी मोडायच्या नाहीत, दातांनी तोडायच्या. गाडीत बसल्या की खिडकीतून प्रत्येक घराच्या ओट्याकडे बघायच्या आणि कीटकनाशकाचा डबा दिसला की गजाननच्या खांद्यावर जोरात थाप मारायच्या. त्याचा डावा खांदा वर्षभर दुखत होता.

त्यांच्या या रागामागे काय असेल यावर कार्यालयात पुष्कळ चर्चा चाले. कोणी म्हणे भाऊ फवारणी करताना गेला, कोणी म्हणे भाचीला झटके येतात. मी एकदा धीर करून विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं.

"कारण काऊन पायजे जोशी? इषाच्या डब्यात पानी भरू नये, एवढं पुरत नाई का तुमाले?"

भाऊ होता, धडधाकट होता, डोणगावातच शेती करत होता. त्याला मी पुढे भेटलो.

डब्यांमध्येही त्यांचा खरा वैरी म्हणजे एका जातीचा डबा. तो मला नीट कळला तो पुण्याहून आलेल्या एका मोठ्या साहेबांच्या बैठकीत. बाई दोन डबे घेऊन बैठकीत शिरल्या आणि त्यांनी ते सरळ साहेबांच्या टेबलावर ठेवले. एक बिचारा पोट आत ओढलेला, वाकडा. दुसरा ताठ, नवा वाटावा असा.

"हा साधा डबा," वाकड्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या. "रॉकेलासारख्या पातळ औषधाले हा पुरत नाई. औषध प्लास्टिकातून घामासारखं पाझरते, डबा आत बसते. म्हून हा दुसरा. याले आतून फ्लोरीन वायूची धुरी देतात. आतला थर असा होते का औषध बाहीर येत नाई, वास धरत नाई, डबा वाकत नाई. कंपनीले चांगला. अन् म्हूनच लोकायले चांगला. दहा वर्सं टिकते, धुतला का वास जाते. लोकं म्हनतात हा डबा साफ हाय. त्याच्यात पानी भरतात, ताक भरतात, लोनचं भरतात."

"मग?" साहेब म्हणाले.

"मग त्या धुरीतून जे तयार होते, थे थरातून सुटते. औषधात उतरते, पान्यात उतरते. अन् एकदा उतरलं का सडत नाई, मातीत नाई, रक्तात नाई. बाहीरच्या देशात यावर बोंब झाली. आपल्याकडं मी इचारून राह्यली, हे कोन तपासते?"

साहेब शेजारच्याकडे बघून हसले. डब्यामुळे नाही, बोलण्यामुळे. "बाई, तुम्ही आधी जरा नीट मराठीत सांगा."

बाईंनी पिशवीतून करवत काढली. ताठ डबा टेबलावर आडवा पाडला, गुडघ्याने दाबला आणि सगळ्यांसमोर कापायला लागल्या. प्लास्टिकचा भुसा साहेबांच्या चहात पडत होता. डबा दोन तुकडे झाला तेव्हा करवत खाली टेबलाच्या काचेवर आदळली आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. त्यांनी अर्धा तुकडा साहेबांपुढे सरकवला. "घ्या. हात फिरवा आतून. याले मराठी लागत नाई."

साहेबांनी हात फिरवला नाही. बैठक तिथेच संपली.

स्वतःच्या घरीही त्या वेगळ्या नव्हत्या. डोणगावच्या वाडीत त्यांच्या वडिलांनी तसलाच एक डबा पिण्याच्या पाण्यासाठी विहिरीजवळ ठेवला होता. आम्ही दौऱ्यावरून परतताना चहाला थांबलो आणि बाईंना तो दिसला. म्हाताऱ्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. बाईंनी तो हिसकून लांब फेकला आणि डबा उचलून विहिरीच्या काठावर तीनदा आपटला. चौथ्यांदा फुटला. वडिलांनी वांग्याच्या वाफ्यातली काठी उपटली आणि सत्तरीच्या जोराने मुलीच्या पाठीत दोन घातल्या.

"तू साहेबीन असशीन तुह्या हापिसात! माह्या वावरात नाई!"

बाई मार खात हसत होत्या. त्यांना मी तेव्हाच एकदा हसताना पाहिलं. भाऊ धावत आला, त्याने बापाला धरलं. निघताना बाईंनी जीपमधला आपला पाण्याचा माठ उतरवून विहिरीजवळ ठेवला. म्हाताऱ्याने त्यालाही लाथ मारली, पण हळू.

हे डबे गावोगावी येत कुठून, ते शोधायला बाईंना सहा महिने लागले. शेतकरी रिकामे डबे विकतात ते थोडे. खरा माल येत होता औषध बनवणाऱ्या एका कारखान्यातून, दुसऱ्या जिल्ह्यातून, ट्रकने. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की असा डबा फोडून टाकायचा, पुन्हा वापरायचा नाही. कारखाना कागदावर ते फोडत होता आणि रस्त्यावर भंगारवाल्याला देत होता. चिखली रस्त्यावर चंदूशेठ नावाच्या माणसाचं गोदाम होतं, तिथे ते धुतले जात.

आम्ही गोदामात शिरलो तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. आत छतापर्यंत पांढऱ्या डब्यांची रास. चार बायका उघड्या हातांनी हौदात डबे बुचकळत होत्या, कोपरापर्यंत कातडी सोललेली. बाईंनी आधी त्या बायकांना बाहेर काढलं. मग सब्बल घेतली. चंदूशेठने शटर खाली ओढायला सांगितलं. आम्ही तिघं आत, त्याची पाच माणसं आत.

पुढची दहा मिनिटं मी एका कोपऱ्यात डोकं हातांत धरून काढली, त्यामुळे सगळं पाहिलं असं म्हणणार नाही. लोखंडी पाइप गजाननच्या तोंडावर बसला आणि त्याचे दोन दात माझ्या चपलेजवळ पडले, हे पाहिलं. बाईंच्या कपाळातून रक्त येऊन एक डोळा बंद झाला होता, हे पाहिलं. आणि बाईंनी चंदूशेठचा हात धरून तो हौदाच्या काठावर ठेवला आणि सब्बलीच्या बुंध्याने एकच ठोका दिला, हेही पाहिलं. त्याच्या ओरडण्याने बाहेरच्या बायका गोळा झाल्या. त्यांनीच शटर उचललं.

बाईंनी पदराने डोळा पुसला. "लिहा जोशी. बोटं मोडली त्याची. किती थे दवाखान्यात कळन."

गोदामाला सील लागलं. तीन आठवड्यांनी ते निघालं. ट्रक पुन्हा सुरू झाले. चंदूशेठ प्लॅस्टर घातलेला हात गळ्यात अडकवून आमच्या कार्यालयासमोर चहा प्यायला बसायचा, मुद्दाम.

त्या उन्हाळ्यात बाई बदलल्या. ओरडणं कमी झालं, ते मला जास्त वाईट वाटलं. लोणार तालुक्यात, बीबीच्या पलीकडे एका वस्तीवर टँकरने पाणी जात होतं आणि सगळी वस्ती चंदूशेठच्या डब्यांत पाणी साठवत होती. बाई तिथे तीनदा गेल्या. समजावलं. बायकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पानी कशात भराव, मॅडम? पदरात?" बाईंनी तहसिलीला पत्र लिहिलं, वस्तीला टाक्या द्या. उत्तर आलं नाही. मग त्यांनी तसल्याच डब्यांत महिनाभर मुद्दाम भरून ठेवलेलं पाणी बाटल्यांत घेतलं, लाखेने बंद केलं आणि सरकारी प्रयोगशाळेत पाठवलं. सोबत दोन पानांचं पत्र मी तीनदा लिहून काढलं, कारण त्यांना एकही खाडाखोड नको होती.

उत्तर मे महिन्यात आलं. टपाल मीच उघडलं. औषधाचा अंश मर्यादेत. फ्लोरीनच्या थरातून सुटणाऱ्या पदार्थांची तपासणी या प्रयोगशाळेच्या यादीत नाही. त्यासाठी कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. सबब नमुना योग्य समजावा.

बाईंनी कागद दोनदा वाचला. घडी घातली. "योग्य," त्या म्हणाल्या. मग उठल्या आणि जीपकडे चालू लागल्या. मी थांबवायला हवं होतं. मी फाइल घेऊन मागे गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा टँकर नुकताच आला होता. डबे भरून घरांसमोर ओळीने लागले होते, पन्नास-साठ तरी. बाई गाडीतून उतरल्या त्या कोणाशी न बोलता पहिल्या डब्यापाशी गेल्या आणि सब्बल घातली. पाणी मातीत गेलं. दुसरा. तिसरा. चार दिवसांनी आलेलं पाणी होतं ते. घरातल्या पाण्याच्या डब्याला हात लावायचा अधिकार त्यांना कुठल्याच कायद्याने दिला नव्हता, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. बायका किंचाळत धावल्या. "पानी व माय, पानी! काऊन मारून राह्यली आमाले?"

"जहर पिऊन राह्यले तुमी!" बाई ओरडत होत्या. "जहर हाय थे!"

सातव्या-आठव्या घरासमोर एक म्हातारी बसली होती. गयाबाई तिचं नाव. एकटीच राहायची. सब्बल वर गेलेली पाहिली आणि ती डब्यावर पालथी पडली. दोन्ही तळवे तिने डब्यावर पसरले होते. बाईंनी जोर आवरायचा प्रयत्न केला असेल, मला माहीत नाही. सब्बल तिच्या डाव्या तळहातातून आरपार गेली आणि डब्यात रुतली. पाणी आणि रक्त एकदमच बाहेर आलं.

म्हातारी हाताकडे बघत राहिली. बाईंनी सब्बल हळूच उपसली, खाली टाकली, उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेली ओढणी काढून तो हात घट्ट बांधला. तेवढा वेळ त्यांना मिळाला. मग वस्ती त्यांच्यावर तुटून पडली.

काठ्या, दगड, कळशा, चपला. एका पोराने त्याच सब्बलीने त्यांच्या पायावर घाव घातला. बाजारात, गोदामात ज्या हातांनी माणसं लोळवली ते हात बाईंनी एकदाही वर उचलले नाहीत. जमिनीवर बसल्या होत्या, गयाबाईचा बांधलेला हात मांडीवर धरून, आणि मार खात होत्या. मी टँकरच्या खाली शिरलो होतो. चाकांच्या मधून मला त्यांचा चेहरा दिसत होता. गजाननने आणि टँकरवाल्याने शेवटी दोघींना ओढून जीपमध्ये घातलं. एकाच मागच्या सीटवर. रस्ताभर दोघींचं रक्त सीटवरून खाली गळत होतं.

मी अहवाल लिहिला. मला बाईंना वाचवायचं होतं. वरिष्ठांनाही खात्याचं नाव वाचवायचं होतं, त्यामुळे सगळ्यांना माझं वाक्य आवडलं: 'जमावाने हल्ला केला असता झालेल्या झटापटीत एका वृद्धेच्या हाताला इजा झाली.' तो सहीसाठी घेऊन मी दवाखान्यात गेलो. बाईंचा पाय वजन लावून टांगला होता, ओठ शिवलेले होते. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. पेन मागितलं. माझं सुंदर अक्षरातलं वाक्य त्यांनी एका रेघेत खोडलं आणि वर लिहिलं: 'मी मारलेली सब्बल तिच्या तळहातातून गेली. जमाव नंतर आला.' खाली सही केली.

"मॅडम, नोकरी जाईल. जेल होईल," मी म्हणालो. मला रडू येत होतं.

ओठांच्या टाक्यांमुळे त्यांना नीट बोलता येत नव्हतं. "त्यायनं 'योग्य' लिहिलं, जोशी. तुमी 'झटापट' लिहिली. मंग तुमच्यात अन् त्यायच्यात फरक काय?"

त्यांना निलंबित केलं. गुन्हा दाखल झाला. चंदूशेठने कार्यालयासमोर फटाक्यांची माळ लावली. प्रयोगशाळेचं पत्र फाइलला लावून ती फाइल निकाली काढलेल्या प्रकरणांच्या कपाटात ठेवायचा हुकूम आला, आणि ती मीच ठेवली.

बाई चालू लागल्या त्या काठी घेऊन, डावा पाय ओढत. पहिल्यांदा गेल्या त्या वस्तीवर. हे मला गजाननने सांगितलं, तोच त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेला होता. गयाबाईचा हात वाचला होता, पण मूठ वळत नव्हती. बाई दारात उभ्या राहिल्या. म्हातारीने उजव्या हातातली चप्पल फेकून मारली, ती त्यांच्या छातीवर लागली. बाई उभ्याच. दुसरी चप्पल आली. मग म्हातारी आतून म्हणाली, "उभी काऊन हायेस? घागर घे. माह्या हातानं आता पानी निंगत नाई."

मी हे खरं मानलं नसतं. पण पुढे लोणारच्या कोर्टात साक्षीला गेलो तेव्हा आरोपी आणि जखमी साक्षीदार एकाच रिक्षातून उतरल्या. आत म्हातारीने हात वर करून न्यायाधीशांना दाखवला आणि सांगितलं, "हिनंच केलं." बाहेर आल्यावर बाईंनी तिला पायरी उतरवली. मी विचारलं तर म्हणाल्या, "खरं बोलली थे. मंग राग कायचा?" तो खटला अजून चालू आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी काही कामाने त्या बाजूला गेलो होतो. वस्तीजवळ रस्त्यावर गर्दी दिसली म्हणून गाडी थांबवली. टँकर आला होता. आता दारोदार स्टीलच्या आणि पत्र्याच्या घागरी दिसत होत्या, आणि त्यांच्यामध्ये पांढरे डबेही होते, कमी, पण होते. पाइपाभोवती बायकांची मारामारी चालली होती. मधोमध मेहेत्रे बाई. केस पांढरे झालेले, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, भिजून चिंब. पाइपाचं तोंड त्यांनी काखेत दाबून धरलं होतं. एका तगड्या बाईने त्यांना ढकललं, त्यांनी दुप्पट जोराने खांदा दिला, ती दोन जणींना घेऊन चिखलात बसली. कोणीतरी शिवी दिली. बाईंनी त्याहून मोठी दिली.

गयाबाई ओट्यावर बसली होती, थिजलेला हात मांडीवर ठेवून. मी तिच्याजवळ गेलो, ओळख दिली, विचारलं, आता राग गेला का.

"राग कसा जाईन?" ती म्हणाली. "मरेपर्यंत राहीन थो." मग तिने गर्दीकडे मान वर केली आणि तिच्या वयाच्या बाईच्या गळ्यात असेल असं वाटणार नाही एवढ्या मोठ्याने ओरडली, "शोभे! अजून दोन घागरी आन वं! त्या भवानीले पुढं जाऊ देऊ नको!"

"हाव, आनतो!" गर्दीतून आवाज आला. त्यांनी मला पाहिलं असावं, एकदा मान या बाजूला वळली होती. पण तेवढ्यात पाइप सुटला, पाणी उडालं, आणि बाई दोन्ही हात पसरून त्याच्यावर पडल्या.